चारशे बारा ठोक्यांचं तळं

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याची एक समिती होती. मुलांनो, तळं आधीचं, समिती नंतरची. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण समितीच्या इतिवृत्तात उलटं लिहिलेलं आहे.

तळ्याकाठी भिंगरी नावाचं एक पाणमांजर राहत असे. पोहण्यात तिचा हात धरणारं त्या रानात कुणी नव्हतं. सकाळी उठावं, मासा धरावा, उन्हात पाठ शेकावी आणि पुन्हा पाण्यात जावं, असा तिचा दिवस. आपण किती वेळात तळं ओलांडतो हे तिला ठाऊक नव्हतं. पलीकडे पोचलं की पोचलं, एवढंच तिला कळायचं.

एका हिवाळ्यात युरोपातून एक करकोचा आला. करकोचे दरवर्षीच यायचे. थंडीला कंटाळून यायचे, टोळ खायचे आणि परत जायचे. हा मात्र बातमी घेऊन आला.

"आमच्याकडे माणसं पाण्यात फुलपाखरासारखी पोहतात," तो म्हणाला.

"म्हणजे कशी?" तरसाने विचारलं.

"दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढायचे आणि एकदम पुढे आपटायचे. पाय जोडलेले ठेवायचे. पलीकडे पोचल्यावर दोन्ही हात एकदम काठाला लावायचे. एकच लागला तर बाद."

"असं का पोहतात?" भिंगरीने विचारलं.

"लवकर पोचायला."

"साधं पोहून लवकर पोचता येत नाही?"

"येतं की. साधं पोहणारा यांच्या आधीच पोचतो."

भिंगरीला ते काही पटलं नाही. बाकीच्या प्राण्यांना मात्र ते फार पटलं.

करकोच्याने सगळी हकीकत सांगितली. आधी ती माणसं बेडकासारखी पोहत. मग कुणीतरी हात पाण्यावरून फेकले. लोक म्हणाले, ही लबाडी आहे. बरीच वर्षं भांडण चाललं. शेवटी त्या लबाडीचाच एक वेगळा प्रकार केला, तिला नियम लावले आणि तिच्या विक्रमांची यादी ठेवली.

"त्या यादीत वेळेचा आकडा खालीच जातो," करकोचा म्हणाला. "वर कधी जात नाही. काही देश मोडीत निघाले, त्यांचे झेंडे गुंडाळून ठेवले, पण त्यांच्या पोहणाऱ्या पोरींचे आकडे यादीत तसेच आहेत."

तरसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आपल्याकडे काय आहे?" ते म्हणालं. "नुसतं तळं."

त्याच आठवड्यात समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण यावर वाद झाला नाही. प्रकार फुलपाखराचा, तेव्हा अध्यक्ष फुलपाखरूच. त्याला पोहता येत नव्हतं. पंख भिजले असते तर ते मेलंच असतं. पण अध्यक्षाने पाण्यात उतरावं असं कुठल्याच समितीत नसतं. अडचण एवढीच होती की फुलपाखराचं आयुष्य पंधरा दिवसांचं. म्हणून दर पंधरवड्याला सभा भरे, दिवंगत अध्यक्षांसाठी दोन मिनिटं शांतता पाळली जाई, नवे अध्यक्ष निवडले जात, आणि उरलेल्या वेळात कामकाज चाले.

चिटणीस तरस झालं. ते पद बदलत नसे. नोंदी ठेवायचं काम कासवआप्पांना मिळालं, कारण ते पुष्कळ जगणार होते. वेळ मोजायला सुतारपक्षी नेमला. शर्यत सुरू झाली की त्याने जांभळाच्या खोडावर ठोके मारायचे आणि जितके ठोके पडतील तितका वेळ धरायचा.

अंतर किती ठेवायचं, असा प्रश्न निघाला. पाणी सुरू होतं तिथून पाणी संपतं तिथपर्यंत, असं ठरलं. नियम सोपा असावा यावर सगळ्यांचं एकमत होतं.

पहिल्या शर्यतीत भिंगरीने ते विचित्र पोहणं पोहून तळं पार केलं. तिची पाठ मोडून आली. ठोके पडले चारशे बारा. कासवआप्पांनी एका मोठ्या सपाट दगडावर तिचं नाव आणि आकडा कोरला.

दुसऱ्या हिवाळ्यात तिने तीनशे सत्त्याहत्तर ठोक्यांत तळं पार केलं. तिने स्वतःचाच विक्रम मोडला होता. गळ्यात कमळांची माळ पडली. त्या दिवशी ती फार खूश होती, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत ती तीन वेळा दगडापाशी जाऊन आपलं नाव वाचून आली.

तिसऱ्या वर्षी तिला तीन पिल्लं झाली, म्हणून ती शर्यतीत उतरली नाही. काठावर बसून बघत होती. रानडुकराने दोनशे चाळीस ठोक्यांत विक्रम केला. सगळं रान नाचलं. भिंगरी मात्र विचारात पडली. रानडुकराला पोहता येत नाही असं नाही. पण ते पोहायला लागलं की बघणाराच घाबरतो.

दुसऱ्या दिवशी ती तळ्याच्या कडेकडेने बुडी मारत फिरली. तळ्याच्या उगवतीला मातीचा जुना बांध होता. त्या बांधात घुशीने बीळ केलं होतं. त्यातून पाणी सारखं बाहेर चाललं होतं, आणि दर वर्षी बीळ मोठं होत होतं. पहिल्या वर्षी ज्या जांभळाच्या मुळांशी पाणी होतं, तिथे आता कोरडा चिखल होता.

भिंगरीच्या लक्षात आलं. ते तीनशे सत्त्याहत्तर तिचे नव्हते. ते घुशीचे होते. तिला आधी लाज वाटली आणि मग राग आला. तशीच ती सभेला गेली.

"चिटणीससाहेब, बांधाला भोक पडलंय. पाणी चाललंय."

"केवढं?"

"माझं डोकं जाईल एवढं. चौघांनी दगड-चिखल आणला तर एका दिवसाचं काम आहे."

"बसा, भिंगरीताई," तरस हसून म्हणालं. तरस नेहमीच हसतमुख असे. "आधी श्रद्धांजली होऊ द्या."

दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग तरसाने विषय घेतला.

"भोक बुजवलं तर तळं भरेल?"

"पावसाळ्यात भरेल."

"मग अंतर वाढेल?"

"पूर्वीएवढं होईल."

"म्हणजे आकडा वर जाईल." तरस करकोच्याकडे वळलं. "काय हो, तुमच्याकडे आकडा कधी वर गेलाय?"

"ऐकिवात नाही," करकोचा म्हणाला.

"झालं तर मग."

"अहो, पण प्यायला पाणी राहणार नाही," भिंगरी म्हणाली.

"पाणी हा पाणी समितीचा विषय."

"पाणी समिती आहे?"

"नाही. म्हणून तर आपल्याला त्यात लुडबुड करता येत नाही."

मागे बसलेला ससा शेजाऱ्याला म्हणाला, "हिचा विक्रम मोडला ना, म्हणून पोटात दुखतंय." ते भिंगरीने ऐकलं. ती कासवआप्पांकडे गेली.

"आप्पा, माझे ते तीनशे सत्त्याहत्तर खोडून टाका. खोटे आहेत ते."

"खोडायला ठराव लागतो, बाई," आप्पा म्हणाले. "मी नुसता लिहितो."

चौथ्या वर्षी सशाने त्रेसष्ट ठोक्यांत विक्रम केला. त्या वर्षी मासे फार कमी झाले. भिंगरी दिवसभर चिखल चाळायची आणि जे गोगलगायी-किडे मिळतील ते पिल्लांपुढे टाकायची. उन्हाळ्यात तिचं धाकटं पिल्लू गेलं. दोन दिवस ती त्याच्याजवळ बसून होती. तिसऱ्या दिवशी सभा होती. ती सभेला गेली आणि मागे उभी राहिली. सभेत दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. ती फुलपाखरासाठी होती. भिंगरी घरी आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पाचव्या हिवाळ्यात तळं म्हणजे एक डबकं उरलं होतं. साळिंदर पुढे आलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि पुढे पडलं. दोन्ही हात नियमाप्रमाणे एकदम समोरच्या काठाला लागले. सुतारपक्ष्याला एकच ठोका मारता आला.

करकोच्याने तर चोचच उघडी टाकली. "चारशे बारावरून एकावर," तो म्हणाला. "तेही पाच वर्षांत. आमच्याकडे सेकंदाच्या एका तुकड्यासाठी पिढ्या जातात."

साळिंदराचा सत्कार डोंगराजवळच्या वडाखाली ठरला. सगळं रान तिकडे गेलं. हार घालताना चार जणांना काटे टोचले, तरी उत्साह कमी झाला नाही. भिंगरी गेली नाही. ती आणि तिची दोन पोरं बांधावर गेली. दगड लोटले, चिखल थापला, वर गवताची मुळं दाबली. तिघांना ते काम फार होतं. पण भाषणं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालली, म्हणून पुरं झालं.

पुढे पाऊस नेहमीसारखा पडला आणि तळं जांभळाच्या मुळांपर्यंत भरलं. मासे आले. हरणं आली. हत्ती अंघोळीला आले. तरस रोज दोनदा पाणी पिऊन जात असे. यंदा पाऊस बरा झाला, असं जो तो म्हणत होता.

मग हिवाळा आला आणि शर्यत झाली. साळिंदराने हात वर केले, पुढे पडलं आणि बुडालं. त्याला भिंगरीच्या थोरल्या पोराने बाहेर ओढलं. ससा पाण्याला पाय लावून परत फिरला. रानडुक्कर पोचलं, पण तोवर सुतारपक्ष्याने सातशे ठोके मारून चोच सुजवून घेतली होती.

"हे मी तिकडे कुठल्या तोंडाने सांगू?" करकोचा म्हणाला.

चौकशी बसली. ती तळ्याच्या काठावरच भरली. साक्षीदार मधूनमधून उठत, पोटभर पाणी पिऊन येत आणि साक्ष पुढे चालू करत.

"भोक तू बुजवलंस?" तरसाने विचारलं. त्या दिवशी ते 'भिंगरीताई' म्हणालं नाही.

"मी आणि माझ्या पोरांनी."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाला विचारणार? तुम्ही सगळे सत्काराला गेला होतात."

"या तळ्याचा विक्रम एक ठोका आहे. आज सातशेच्या आत कुणी येत नाही. होतकरू खेळाडूंचं तू किती नुकसान केलंस, कळतंय का तुला?"

"माझं एक पिल्लू गेलं, साहेब," भिंगरी म्हणाली. "दोन राहिलीत. ती जगली पाहिजेत. मला दुसरं काही कळत नाही."

सभा जराशी चुळबुळली. एक हरिणी खाली बघू लागली. तरसाने कासवआप्पांना विचारलं, "पिल्लू गेल्याची काही नोंद?"

आप्पांनी दगड वरपासून खालपर्यंत नीट वाचला. "नाही," ते म्हणाले.

निकाल एकमताने लागला. प्रगती मागे नेल्याबद्दल भिंगरीला आणि तिच्या पोरांना तळ्यात उतरायला कायमची बंदी. डोंगरापलीकडे नदी होती. तिकडे जायला तळ्यातून वाट जवळची होती. पण बंदी होती, म्हणून ती तिघं काठाकाठाने, लांबच्या वाटेने गेली.

इकडे समितीने घुशीला मानाने बोलावलं. बांधाला नवं, रुंद भोक पाडायचं ठरलं. उद्घाटनाची फीत अध्यक्षांनी कापायची होती, पण ते त्यांना जमेना, म्हणून घुशीनेच ती कुरतडली. टाळ्या झाल्या.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तळं पुरतं आटलं. पाणी सुरू होतं तिथून पाणी संपतं तिथपर्यंत काहीच अंतर उरलं नाही. ठोके शून्य पडले. हा विक्रम कुणा एकाचा नव्हता, म्हणून तो सगळ्या रानाच्या नावे लावायचं ठरलं. कासवआप्पा सगळ्यांची नावं कोरत बसले. घसा इतका कोरडा होता की त्यांना नावं नीट विचारताही येईनात.

चार दिवसांनी सगळे तहानेने व्याकूळ होऊन डोंगर ओलांडून नदीवर गेले. भिंगरी तिथे पोरांना मासे धरायला शिकवत होती. त्यांना बघून ती बाजूला सरली. नदी काही तिची नव्हती.

सगळे पोटभर पाणी प्यायले. तरसाने तोंड पुसलं. या काठाकडे पाहिलं, त्या काठाकडे पाहिलं आणि हसतमुखाने विचारलं, "का हो भिंगरीताई, ही रुंदीला किती भरेल?"

तात्पर्य: तळे राखी तो पाणी चाखी, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी समित्या नव्हत्या. मुलांनो, तळं राखणाऱ्याला हद्दपार करतात. पाणी चाखायचं असेल तर समितीत जावं, आणि बांधाला भोक दिसलं तर टाळ्या वाजवाव्यात.