बाळकुमातलं फिनलंड

बाळकुमच्या बसथांब्यावर पुढच्या माणसापासून चांगली दोन हात लांब उभी असलेली बाई दिसली, तर त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या चंद्राताई, हे बिनधास्त समजावं. ठाण्यात रांगेत एवढी फट दिसली, की ती खास आपल्यासाठीच राखून ठेवली आहे असं प्रत्येकाला वाटतं. एकेक जण आरामात आत शिरतो, चंद्राताई मागे मागे सरकतात आणि बस निघून जाते. त्यांच्यासोबत माझीही. मी चिडले की त्या शांतपणे सांगतात, "तिकरं लोक असंच उभं रातान, वहिनी."

तिकरं म्हणजे फिनलंडला.

आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी चंद्राताईंच्या सासऱ्यांची भातशेती होती. शेत गेलं, पण बाईंचा आवाज अजून शेताच्याच मापाचा आहे, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. बाल्कनीतून त्यांनी कोळणीला हाक मारली की शेजारच्या सोसायटीतला वॉचमन दचकून उभा राहतो. त्यात चौकशीची हौस. नव्या भाडेकरूचं कपाट टेम्पोतून उतरेपर्यंत त्याचा पगार, बायकोचं माहेर आणि अजून मूल का नाही, हे सगळं यांना ठाऊक.

आणि याच चंद्राताईंनी एका संध्याकाळी मला दारात अडवून हळू आवाजात विचारलं, "फोन केलंव का येताना?"

तर त्याचं असं झालं. त्यांची नात सानिका हिला फिनलंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. मुलगा-सून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहतात, पण सानिका शाळेत असल्यापासून आजीकडेच. घरात दोघीच. चंद्राताईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोरगी पोलंडला चालली होती, पाचव्यावर थायलंडला; गच्चीच्या दारापर्यंत पोचल्यावर देश नक्की झाला.

मग विद्यापीठाने तिकडच्या चालीरीती समजावून सांगायला ऑनलाइन वर्ग ठेवला. वर्ग सानिकाचा, पण आजी शेजारी वाल सोलत बसलेली. घरात शिरताना चपला बाहेर काढतात म्हटल्यावर, "मंग ते आपलेच हायेत," म्हणून तिने अख्ख्या देशाला पास केलं. गरम वाफेच्या खोलीत घाम काढत बसतात, हे ऐकून म्हणाली, की मे महिन्यात बाळकुमात राहणाऱ्यांना त्याचं काय कौतुक. पण तिथली माणसं उगाच बोलत नाहीत, कुणाला खाजगी विचारत नाहीत आणि न कळवता कुणाच्या घरी जात नाहीत, हे ऐकल्यावर तिच्या हातातला वाल हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीपासून जेवणापर्यंत त्यांच्या घरात फिनलंड सुरू झालं. कामाशिवाय बोलायचं नाही. आमटीत मीठ कमी असलं तर बोट दाखवायचं. मी आपली दारात उभी राहून फोन करायचे, आतून त्या उचलायच्या, "या" म्हणायच्या आणि मग दार उघडायचं. आत जाऊन दोघी मुकाट्याने कॉफी प्यायचो. सानिका कपाळाला हात लावायची. "अगं आजी, तिथे बोलायला बंदी नाहीये. समोरच्याचं बोलणं संपल्यावर बोलायचं, इतकंच."

"तिकरं तसा चालत नाय," आजी नातीलाच सांगायची.

मला हसायचा अधिकार नव्हता. मी डोंबिवलीची नवी नवरी होते तेव्हा नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली. परदेशात आपली शोभा होऊ नये म्हणून मी महिनाभर काट्याचमच्याने पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरीचा तुकडा एकदा थेट सासऱ्यांच्या ताटात उडाला. सासूबाईंनी काही विचारलं, तर मी नाक वर करून "सराव" म्हणायचे. मस्कतला पहिलं आमंत्रण आलं, तर यजमानांच्या घरी सगळी बायकामंडळी जमिनीवर बसून एकाच परातीतून हाताने भात जेवत होती. आणि आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, काटा शोधत होत्या.

सानिकाच्या निघण्याच्या दिवशी दुपारी खाली सगळं गाव लोटलं होतं. आत्या, काकी, मामी, कुणाच्या हातात सुकटीचा डबा, कुणाच्या हातात लोणचं. सगळ्या एकदम बोलत होत्या. चंद्राताईंनी नातीच्या हातावर दही ठेवलं आणि दोन हात लांब जाऊन उभ्या राहिल्या. सानिकाने ती फट पाहिली आणि अस्सल ठाणेकरासारखी सरळ आत घुसली. गळ्यात पडली. तरीही आजी गप्पच.

संध्याकाळी मी दारातून फोन केला. "या" म्हणाल्या. घरात फक्त पंख्याचा आवाज.

"चंद्राताई," मी म्हणाले, "पोरगी गेली. आता पुरे की फिनलंड."

त्यांनी कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ती पोर कुठंपन रमल, वहिनी. तिला कशाला शिकवू? गप रवाचा मनाच, या म्हातारीला, शिकाचा व्हता. आता या घरान बोलाला कोन हाय? म्हटला, ती हाय तवर सवय करून घ्यावी."

डोळे पुसायची आमच्या पिढीला फार घाई असते. मी ती आवरून कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, "चंद्राताई, वजन किती वाढलंय हो तुमचं?"

त्यांनी मान वर केली. "तिकरं असा कोन इचारत नाय."

"आपण कुठे तिकडे आहोत?"

चंद्राताईंनी आपला कप खाली ठेवला. मग त्यांनी स्वतःचं वजन सांगितलं. त्यानंतर धाकट्या जावेचं. मग जावेच्या विहिणीचं, आणि तिने साखरपुड्यात किती जिलब्या खाल्ल्या तेही. आवाज बांधाबांधाने चढत गेला. शेवटी शेजारच्या सोसायटीतला वॉचमन उठून उभा राहिलेला मला बाल्कनीतून दिसला, तेव्हा मी निवांत मांडी घालून बसले.

दुसऱ्या दिवशी मी फोन न करताच गेले. दार उघडंच होतं.