एका खांद्याची मिठी

पिस्तूल घेतल्यापासून नडीन प्रूइटला दरोडेखोरांची भीती वाटेनाशी झाली. त्यांच्यासाठी भीती शिल्लकच राहिली नव्हती. तिच्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी त्या पिस्तुलालाच लागत होती.

रविवारी सकाळी ते पोटाशी बांधून ती न्हाणीघरातल्या आरशासमोर श्वास रोखून उभी होती आणि बाहेरून तिचा नवरा ओडेल दारावर थापा मारत होता.

"अगं, चर्चला उशीर होतोय! झोपलीस का आत?"

"आले. दार आपटू नकोस."

"दार आपटल्यानं ते उडत नाही, नडीन."

"माहितेय मला."

तिला खरंच माहीत होतं. आयुष्यभर औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिलेली बाई ती. सोबत आलेली माहितीपुस्तिका तिने पेन्सिल घेऊन वाचली होती. होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाच्या, कडक कवचाने पिस्तुलाचा चाप पूर्ण झाकला होता. बाहेरून कितीही दाबलं, आपटलं, तरी तो ओढला जाणं शक्य नव्हतं. हे डोक्याला पटलं होतं. पोटाला पटलं नव्हतं, आणि पिस्तूल पोटावर होतं.

हे सगळं सुरू झालं ते शेजारच्या गावातल्या औषधाच्या दुकानात तोंड झाकलेली दोन माणसं नशेच्या गोळ्यांसाठी घुसली तेव्हा. तिथल्या फार्मासिस्टच्या डोक्याला टाके पडले. नडीन संध्याकाळी एकटी दुकान बंद करायची आणि मागच्या पार्किंगमधून गाडीपर्यंत चालत जायची. अमेरिकेतल्या त्या आर्कान्सा राज्यात हिवाळ्यात त्या वेळेला अंधार झालेला असतो. ती किल्ल्या बोटांत धरून चालायला लागली. मग पळायला लागली. शेवटी ओडेल म्हणाला, "हे असं किती दिवस पळणार? गुडघे जातील," आणि तिला रॉइसच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला.

नडीनने काचेखालचं सगळ्यांत छोटं पिस्तूल दाखवलं. "हे बरंय. लहानसं आहे."

"मॅडम, सगळे त्याच्यावरच बोट ठेवतात," रॉइस म्हणाला. "पण जितकं छोटं तितकं ते हातात जास्त उडतं. पकडायला जागा नाही, वजन नाही. एकदा झाडलंत की पुन्हा हात लावणार नाही तुम्ही."

"तसं झालं तर चांगलंच की," नडीन म्हणाली. ओडेलने तिला कोपराने ढोसलं.

रॉइसने एकेक पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवून तिच्या हातात दिलं. एकाची मूठ जाड होती. एकाचा वरचा भाग मागे ओढताना तिच्या अंगठ्यांतला संधिवात ओरडला. शेवटी हलक्या स्प्रिंगचं, ना फार छोटं ना मोठं, असं एक जमलं.

"आता ठेवणार कुठे?" रॉइसने विचारलं.

"पर्समध्ये."

"घरात लहान मूल येतं?"

"नातू आहे. सहा महिन्यांचा. आता सरपटायला लागलाय."

"मग पर्स विसरा. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, बाकावर ठेवतो, कुठेही विसरतो. आणि पोरांना आजीच्या पर्समध्ये खाऊच्या गोळ्या असतात हे माहीत असतं. पिस्तूल अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागाच नाही."

नडीनला हा माणूस आवडला. कमरेला पट्टा बांधावा असे तिचे कपडे नव्हते, म्हणून त्याने पोटाला गुंडाळायचा रुंद लवचिक पट्टा दिला, आत कडक कवच असलेला. शिकवणीही त्यानेच दिली. शेवटी म्हणाला, "आणि रोज घाला. दुकानात, घरात, चर्चमध्ये. आपल्या पाद्रीसाहेबांची हरकत नाही. अंगाला सवय झाली नाही तर सारखा हात तिकडे जातो आणि अख्ख्या गावाला कळतं."

डोस चुकवायचा नाही, हे नडीन गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आली होती. तिने रोज घातलं.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. मुलगी डेला. डेला जिल्ह्याच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि तिने तिथे जे पाहिलं होतं ते ती कधी सांगत नसे. आमोस जन्मला त्या दिवशी तिने आईबापांना पलंगाशी उभं करून एवढंच सांगितलं होतं, "पप्पांच्या शिकारीच्या बंदुका तिजोरीत आहेत, ठीक आहे. पण ज्याच्या अंगावर पिस्तूल असेल त्याच्या हातात माझं मूल मी देणार नाही. कुणीही असो."

त्यामुळे डेलाला सांगायचं नाही, आणि अंगावर असताना आमोसला घ्यायचं नाही, असे दोन नियम नडीनने स्वतःला घालून घेतले. दोन्ही नियम चोख होते. दोन्ही एकदम पाळले की काय होईल, याचा हिशेब तेवढा राहून गेला.

चर्चच्या दारात पाऊल ठेवताच तिच्या लक्षात आलं की गावात कुणी नुसतं 'नमस्कार, कसे आहात' म्हणत नाही. सगळे मिठी मारतात. दारावर स्वागताला उभे असलेले मारतात, बाकावरचे उठून मारतात, स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत बाहेर येऊन मारतात. आणि या सगळ्यांच्या वरच्या मिस वर्ना मे; लग्न झालेल्या, पण गाव त्यांना लाडाने 'मिस'च म्हणे. चर्चच्या पाळणाघराच्या त्या प्रमुख. गावातलं प्रत्येक मूल त्यांच्या मांडीवर वाढलेलं. त्या हात पसरून येताना दिसल्या आणि नडीन मागे सरली ती थेट कोटांच्या खुंट्यांमध्ये.

"नडीन, बाळा? काय झालं गं?"

"काही नाही, मिस वर्ना. सर्दी झालीय. जवळ नका येऊ."

मिस वर्ना जागच्या जागी थबकल्या. त्यांचा चेहरा जरासा उतरला. मग त्यांनी हळूच मान हलवली.

तेवढ्यात डेला आमोसला घेऊन आली. "मॉम, धर गं याला, मी गाडीतून पिशवी आणते." आमोसने दोन्ही हात पुढे टाकले. त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते आणि ते नेमके नडीनच्या पोटाच्या उंचीला होते. तिला कवच आठवलं, माहितीपुस्तिका आठवली, पेन्सिलीच्या खुणा आठवल्या.

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की ऑर्गन वाजवणारा थांबला. "म्हणजे, आज नको. माझ्या हाताला औषधांचा वास येतो."

"रविवारी?" डेला म्हणाली.

पुढच्या रविवारी सर्दी टिकली नाही म्हणून पाठ धरली. त्याच्या पुढच्या रविवारी पोट बिघडलं. ती बसताना एका कुशीवर कलून बसू लागली, कारण सरळ बसलं की कवच बरगडीत रुते. मधूनच हात पोटाकडे जाई. रॉइसने सांगितलं होतं तसाच. आणि तिचा चेहरा सदैव पांढराफटक असे, त्याला तर काही इलाजच नव्हता.

एका सोमवारी दारात पहिलं काचेचं भांडं आलं. चीज घालून भाजलेले बटाटे. बुडाला चिकटपट्टीवर शेजारणीचं नाव. मग पिठाचे गोळे, डंपलिंग, घातलेली कोंबडी आली. मग केळ्याचं पुडिंग.

"ओडेल, ही माणसं आपल्याला का जेवू घालतायत?"

"प्रेमाने," ओडेल तोंड भरून म्हणाला. "तू प्रश्न फार विचारतेस."

"गावात कुणी मेलं किंवा मरायला टेकलं की भांडी येतात."

"मी मेलो नाहीये." त्याने चमचा थांबवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अरे बापरे," ओडेल म्हणाला. आणि क्षणभराने, "पण गोडात मिसेस टॅकेटचा पीच कॉबलर अजून यायचाय. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

प्रकार असा होता की चर्चच्या प्रार्थनेच्या साखळीत, म्हणजे एकीने दुसरीला फोन करायचा आणि दुसरीने तिसरीला, नडीनचं नाव गेलं होतं. पहिल्या फोनवर ते 'पोटाचं काहीतरी' होतं. शेवटच्या फोनपर्यंत त्याची गाठ झाली होती आणि ती पसरली होती. दुकानात गिऱ्हाइकं गोळ्यांचे पैसे देताना तिचा हात दाबत. एकाने तर मऊ आवाजात विचारलं, "तुमच्यानंतर हे दुकान कोण चालवणार?"

शनिवारी संध्याकाळी डेला आली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आमोसला देवाला अर्पण करायचा विधी होता आणि त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे बाळाला पुढे घेऊन जायचा मान आजीचा असतो. डेलाने कोट काढला नाही. डोळे सुजलेले होते.

"मॉम, कुठल्या डॉक्टरकडे जातेस?"

"कुठल्याच नाही गं."

"म्हणजे उपचारही घेत नाहीस! मी नर्स आहे, मॉम. महिना झाला बघतेय. एका बाजूला कलून बसतेस, पोट धरतेस, आमोसला उचलवत नाही तुला. सगळ्या गावाला सांगितलंस आणि मला नाही?"

"डेला, मी कुणालाच काही सांगितलेलं नाही."

"तो तुला ओळखायच्या आत तू जाशील," डेला म्हणाली, आणि तिने कोटाच्या बाहीत तोंड लपवलं.

नडीनसमोर दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर नातू हातातून जाणार होता. नाही सांगितलं तर मुलगी आजपासून तिचं सुतक पाळणार होती. दुकानाच्या मागच्या अंधारातसुद्धा ती एवढी घाबरली नव्हती.

तिने डेलाचा हात घेतला आणि स्वतःच्या स्वेटरवर, पोटाशी ठेवला. गाठ कडक होती. तिला कोपरे होते.

डेलाने हात झटकन मागे घेतला. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि शेवटी, नडीनला ज्याची भीती होती तशी, वॉर्डातल्या नर्सच्या आवाजात प्रश्न विचारू लागली.

"किती दिवस?"

"शेजारच्या गावातला दरोडा झाल्यापासून."

"अंगावर असताना आमोसला एकदा तरी घेतलंस?"

"एकदाही नाही. बोटसुद्धा लावलं नाही."

"म्हणून ते 'नको' ओरडलीस."

"म्हणून."

डेलाने नाक पुसलं. "कामावर जाताना ठेव. तो अंधार मीही पाहिलाय. पण आमोस असेल तिथे ते तिजोरीत, आणि कुलूप मी स्वतः बघणार." तिने तिथल्या तिथे बघितलं. दोनदा ओढून बघितलं. जाताना ओडेलने तिला विचारलं, "म्हणजे आता भांडी बंद होणार?"

रविवारी चर्चच्या दारात डेलाने आईला मिठी मारली. घट्ट मारली, कमरेभोवती हात फिरवले, पाठीवरून, बगलेखालून, पुन्हा कमरेवर. बघणाऱ्यांचे डोळे पाणावले. ती मिठी नव्हती, झडती होती. मग तिने आमोसला आईच्या हातात दिलं, आणि नडीन महिन्यात पहिल्यांदा सरळ उभी राहून चालली. आमोसने तिच्या पोटावर मनसोक्त लाथा मारल्या. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. पुढच्या बाकावरून कुणीतरी 'आमेन' म्हणताना हुंदका दिला.

विधी संपल्यावर सगळ्यांत आधी मिस वर्ना आल्या. "पोरी, तू उभी आहेस! देवाची कृपा!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी एका हाताने आमोसला जरा बाजूला सारून नडीनला छातीशी ओढलं.

नडीनच्या बरगडीला काहीतरी कडक लागलं. त्याला कोपरे होते.

नडीन रिकामी होती. डेलाने तपासलं होतं. दोघी तशाच थांबल्या. नडीनने मान मागे घेऊन पाहिलं, तर मिस वर्नांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा चेहरा ती महिनाभर रोज सकाळी आरशात बघत होती.

"मिस वर्ना," ती कुजबुजली, "कधीपासून?"

"माझा नवरा गेल्यापासून. एकटी असते ना गं मी." त्यांनी नडीनचा दंड धरला. "त्या दिवशी तू माझ्यापासून मागे सरलीस ना, मला वाटलं तुला कळलं. रात्रभर झोप नाही लागली. मग मनाशी म्हटलं, नसेल, आजारी असेल बिचारी. म्हणून तुझं नाव प्रार्थनेत घातलं." त्यांनी डोळे टिपले आणि सवयीने हात पुढे केले. "आण इकडे सोनुल्याला. पाळणाघरात नेते, तू जेवून घे."

आमोसने दोन्ही हात त्यांच्याकडे टाकले. नडीनने त्याला दोन्ही हातांनी आवळलं. "नको," ती म्हणाली. या वेळी हळू.

मिस वर्नांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मान हलवली, आणि गाडीच्या दिशेने निघून गेल्या. परत आल्या तेव्हा अंगाने सैल दिसत होत्या, आणि त्यांचं पिस्तूल आता रॉइसने सांगितलेल्या दोन जागांपैकी दुसरीत होतं, गाडीतल्या कुलपात. तरी नडीनने बाळ दिलं नाही. "आज मीच घेते," ती म्हणाली.

ती जेवणाच्या हॉलच्या भिंतीशी नातवाला घेऊन उभी राहिली. लोक एकमेकांना भेटत होते. तिने हे आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधीच नीट पाहिलं नव्हतं. कॉबलरवाल्या मिसेस टॅकेट शेजारणीला मिठी मारत होत्या, एकाच खांद्याने, कंबर लांब ठेवून. ऑर्गनवाला तिरपा होऊन मारत होता. दारावरचे दोघे एकमेकांची पाठ थोपटत होते आणि दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. अर्धा हॉल तिरका होता.

"मॉम, घरी जायचं का?" डेलाने विचारलं. "किती पांढरी पडलीस तू. बरं वाटतंय ना?"