आप्पांच्या दोन गाई आणि राहून गेलेला रकाना

गाईच्या अंगावरच्या गोचिडांना मारण्यास अधिक खर्च येतो, की त्यांना पोसण्यास? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मी निघालो होतो. ते उत्तर मला सखाराम आप्पांनी दिले, आणि तेही माझा प्रयोग बिघडवून.

आप्पा कोणाच्याही घरी गेले तरी आधी माणसांना भेटत नसत. त्यांच्या वहाणा गोठ्याच्या दाराशी सुटत. गाईचा कान उचलायचा, कानामागून मानेखाली आणि तिथून कासेपर्यंत बोट फिरवायचे, आणि मगच ओसरीवर येऊन रामराम घालायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. आप्पांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही तळेगाव ढमढेऱ्याकडे गेलो, तेव्हाही हाच क्रम. पोहे निवले. अखेर आप्पा आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन तुमच्या गाईनं अकरा पावनं आधीच पंगतीला बसवल्यात. आमी कुठं बसायचं?"

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. दाराआडून मुलगी मात्र खुदकन हसली. तीच सुनंदा पुढे आप्पांच्या घरात सून म्हणून आली.

आप्पांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती. लोकरीत दडलेली गोचीड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. म्हणून कोणताही वाद निघाला की आप्पांचे उत्तर ठरलेले असे: "बोटाला इचारा." दुधात पाणी आहे का? बोटाला इचारा. सरपंच कोण होणार? त्यालाही बोटाला इचारा. मतदानाच्या दिवशी मात्र ते शाई लावलेले बोट वर करून दाखवीत.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी वरवंडजवळच्या त्यांच्या गावी गणित शिकवीत होतो. घरोघर संकरित गाई आल्या होत्या. दूध भरपूर, पण अंगात गोचिडाचा ताप सोसण्याची ताकद कमी. आप्पांचे म्हणणे सरळ होते. एकाच गोठ्यात औषध मारून भागत नाही, शेजारच्या गोठ्यातून गोचीड पुन्हा येते. म्हणून सगळ्या गावाने एकाच दिवशी गाई फवाराव्यात, भिंतींच्या भेगाही फवाराव्यात.

दूध डेअरीचे चेअरमन बापू हसून विचारीत, "आप्पा, औषधाचं पैसं तुमचं बोट देनार हाय का?"

तेव्हा मी प्रयोग सुचवला. आप्पांच्या दोन गाई, चांदणी आणि मोरी, पाठच्या बहिणी होत्या आणि एकाच महिन्यात व्यालेल्या. चांदणी घरच्या गोठ्यात राहील, तिला औषध द्यायचे. मोरी नेहमीप्रमाणे मळ्यातल्या छपरातच राहील, तिला द्यायचे नाही. चारा सारखा, माप एकच. दोघींच्या दुधाचा तक्ता डेअरीच्या भिंतीवर लावायचा. फरक दिसला तर सगळे गाव फवारणी करील. न दिसला तर हा विषय कायमचा बंद, असे बापूंनी सर्वांसमक्ष जाहीर केले.

आप्पांनी एवढेच विचारले, "म्हंजी मोरीनं नुसतं सोसायचं?"

"तीनच महिने, आप्पा. तुलनेला एक गाय तशीच हवी."

"बरं. तुमी शिकल्याली मानसं."

तीन महिन्यांनी सभा भरली. तक्त्यावरच्या दोन्ही रेघा एका दावणीला बांधल्यासारख्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. फरक जवळजवळ नाहीच!

"गुरुजी," बापू म्हणाले, "गोचीड रगात पीत आसंल, दूध न्हाई पीत!" सभा हसली. आप्पा खाली मान घालून बसले होते. मी बेरजा पुन्हा तपासल्या; चूक सापडेना. बापू विषय बंद करण्यास उठले, तोच मागून सुनंदा उभी राहिली.

"गुरुजी, मामंजींना इचारा, रोज उजाडलं की डबा घेऊन कुठं जात्यात."

"कसला डबा, आप्पा?"

"रॉकेलचा," आप्पा पुटपुटले. "मोरीची गोचीड येचून टाकाया. दोन तास लागत्यात."

"अहो, पण मी काय सांगितले होते?"

"औषध लावू नका म्हनला हुता. हात लावू नका म्हनला न्हवता."

सभा पुन्हा हसली. सुनंदा मात्र हसली नाही. "बापू, म्हंजी औषध न्हाई तर रोज दोन तास मानूस. घराघरात हे आमी बायकाच करतोय. आमच्या हाताचं तुमी कुठल्या रकान्यात धरलंय?"

बापूंनी माझ्याकडे पाहिले. मी तक्त्याकडे पाहिले. तो रकाना मी आखलाच नव्हता. तेवढ्यात बायकांतून बापूंच्याच पत्नीचा आवाज आला, "सांगा की आता!"

पुढच्या सोमवारी सगळ्या गावाने एकदम फवारणी केली. पुढे शिरूर-पाबळकडची माणसे जीप करून आप्पांना भेटायला येऊ लागली. ज्यांनी माझा प्रयोग मोडून माझे गणित दुरुस्त केले ते हेच, असे मी त्यांना छाती काढून सांगत असे. आप्पा तोवर पाहुण्यांना सोडून गोठ्यात गेलेले असत.

फवारणीनंतर महिनाभराने मी पहाटे फिरण्यास निघालो होतो. मळ्याच्या छपरात आप्पा मोरीशेजारी बसले होते, बोट तिच्या कानामागे.

"राहिली का एखादी?"

"एक बी न्हाई."

"मग?"

आप्पांची पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. ते म्हणाले, "आमची ही रोज हितं बसायची, गुरुजी. येचता येचता मोरीसंगं बोलायची. ही आजून उजाडलं की कान म्होरं करती. तिला कसं सांगायचं, येनारी न्हाई म्हून?"

मोरीने डोळे मिटले होते. आप्पांचे बोट चालूच होते.

वाचकहो, माझ्या शब्दावर विसंबू नका. माझा तक्ता एकदा अपुरा ठरला आहे. आपल्या गोठ्यातल्या गाई निवडा, दूध मोजा, औषधाचा खर्च लिहा आणि हाताला लागणाऱ्या वेळेचा रकाना विसरू नका. आणि उजाडताना गाय कोणापुढे कान करते, तेही एकदा स्वतःच पाहून घ्या.