सूखी बावडीचा तिसरा भाग आणि कोकिळेचा डावा हात

"उजवा! कोके, उजवा!" सत्यभामाबाई दाराआडून दातओठ खात पुटपुटल्या.

कोकिळेनं चहाची बशी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि घेता घेता अर्धा चहा रंगरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडला.

"असू द्या, असू द्या," रंगराव धोतर झटकत म्हणाले. "पोरगी बुजली."

पोरगी बुजली नव्हती. पोरगी डावखुरी होती. ही गोष्ट अख्ख्या डोणगावाला माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त नांदुऱ्याहून आलेल्या रंगरावांना आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंना. उद्या सकाळी साक्षगंध. पोरीच्या कपाळाला नांदुऱ्याचं कुंकू एकदा लागलं की मग हात डावा निघो की पाय डावा निघो, कोण परत आणून घालतंय, असा सत्यभामाबाईंचा बेत होता.

एरवी डाव्या हाताचं कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. घेतलं असतं तरी सत्यभामाबाईंच्या तोंडासमोर ते बोलून दाखवायची गावात कोणाची छाती नव्हती. पण त्यांच्या तोंडाला न भिणारी एकच वस्तू निघाली, ती म्हणजे सिनेमा. 'सूखी बावडी' नावाचा भुताचा सिनेमा मेहकरात लागला. त्यात एका पोरीचा उजवा हात मोडून तिला कोरड्या विहिरीत लोटतात, आणि तिचं भूत ज्या बाईच्या अंगात शिरतं ती बाई डाव्या हातानं जेवू लागते. झालं! त्याच महिन्यात कोकिळेचं पहिलं स्थळ मोडलं. पुढं 'सूखी बावडी की बेटी' आला. दुसऱ्या स्थळाची मंडळी बोलणी पक्की करायला निघाली होती, ती वाटेत बुलढाण्याला सिनेमा पाहायला थांबली आणि तिथूनच परत गेली. दोन भागांनी दोन जावई खाल्ले. म्हणून या खेपेला सत्यभामाबाईंनी पंधरा दिवस पोरीला उजव्या हातानं वाढायला लावलं होतं.

चहाचा डाग अजून वाळला नव्हता, तोच रस्त्यावरून भोंगा ओरडत आला.

"आ गया! आ गया! सूखी बावडीचा तिसरा भाग! सूखी बावडी की बहू! आज दिवेलागणीले, बाजाराच्या मैदानात, गुलाबरावांच्या तंबूत!"

सत्यभामाबाईंनी दाराआड कपाळावर हात मारून घेतला. आणि रंगराव? ते तर लहान पोरासारखे उभेच राहिले.

"मंजुळे, तिसरा आला! अवं, तिसरा!"

"कायले पाह्यता तसले भुताखेताचे सिनेमे," सत्यभामाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "उद्या शुभकार्य हाय. त्यापरीस भजन ठेवू आपण."

"इहीनबाई, दोन पाह्यले अन् तिसरा सोडला, तर घास नाही गिळवणार मले! पयला पाह्यल्यावर महिनाभर मी विहिरीत वाकून पाह्यलं नव्हतं. काय हो इवाई?"

सत्यभामाबाईंचे मालक उकंडराव जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं असत. "हाव, खरं हाय," ते म्हणाले, आणि बायकोची नजर चुकवून सुपारी कातरू लागले.

स्वयंपाकाचं निमित्त सांगून कोकिळेला घरी ठेवलं आणि बाकी सगळे निघाले.

गुलाबरावांच्या तंबूची एक रीत होती. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. पातळ कापड पाणी मारून ताणलं की चित्र दोन्हीकडून दिसतं. बाया-पुरुषांची सरमिसळ नाही, आणि तेवढ्याच तंबूत गिऱ्हाईक दुप्पट. यंत्र पुरुषांच्या बाजूला, भोंगाही तिकडेच. बायांच्या नशिबी विजेचं इंजिन, जे सारा वेळ धडधडत राही. मंजुळाबाई परगावच्या पाहुण्या, म्हणून गुलाबरावांनी त्यांना पुरुषांकडे नवऱ्याशेजारी खुर्ची दिली. सत्यभामाबाई गावच्या बायांना घेऊन पलीकडे बसल्या.

पाट्या आल्या. अक्षरांची आणि सत्यभामाबाईंची ओळख पहिलीतच तुटली होती, आणि शेजारच्या बायांची तर झालीच नव्हती. अक्षरं कोणीकडून कोणीकडे चालली होती हे बघायला बसलंय कोण! बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं सगळं स्वच्छ.

एक मोठं घर. सासरा जेवायला बसला, तो डाव्या हातानं. सासू वाढतेय, डाव्या हातानं. नवरा पोरगा गाईला घास देतोय, पुजारी आरती ओवाळतोय, सगळं डाव्यानं. आणि माणसं कशी? देवमाणसं! मग घरात सून आली. मोकळे केस, वटारलेले डोळे. तिनं खिरीची वाटी उचलली ती उजव्या हातानं. आणि पुढं विहिरीच्या काठावर बसून जिवंत कोंबडी फाडून खाल्ली, तीही उजव्या हातानं!

"अवं माय वं!" गोजरबाई किंचाळली. "चेटकीण तं उजव्या हाताची हाय!"

सत्यभामाबाईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांच्या अंगावर जो काटा आला तो भीतीचा नव्हता. दोन भाग ज्या सिनेमानं त्यांच्या लेकीला जाळलं, तो तिसऱ्या भागात हात जोडून माफी मागत होता! डावखुरी माणसं चांगली, उजवी वाईट! त्यांना वाटलं, उठावं आणि पडद्याच्या पाया पडावं.

खेळ सुटला. पुरुषांच्या बाजूची मंडळी तोंडं वाकडी करून बाहेर पडत होती. "पयल्याची सर नाही." "तेच ते लेकाहो, फक्त चेटकिणीचे केस वाढले." आणि बायांचा घोळका मात्र जत्रेसारखा फुललेला. "असा सिनेमा झाला नाही!" "दोन्ही भाग याच्यापुढं पाणी भरतीन!"

त्या भरात सत्यभामाबाईंनी चारचौघांत मंजुळाबाईंचे दोन्ही हात धरले.

"इहीनबाई, आता लपवून ठेवायची गरजच नाही उरली. आमची कोकिळा डावखुरी हाय! जन्मापासून! पक्की!"

मंजुळाबाईंनी हात असे ओढून घेतले, जसे चुलीतून काढावेत.

"डावखुरी?" त्यांचा आवाज चिरकला. "अन् हसून सांगून राह्यल्या? आत्ताच तं पाह्यलं, चेटकीण डाव्या हातानं कोंबडी खाऊन राह्यली होती!"

"डाव्या? उजव्या हातानं हो!"

"डाव्या!"

"हातच्या कांकणाले आरसा कायले? ह्या साऱ्या बायाले विचारा!"

"उजव्या! उजव्या!" बायांनी एका सुरात सांगितलं.

"डाव्या!" पुरुष गरजले.

बघता बघता मैदानात दोन पक्ष पडले. सख्खी नवरा-बायको एकमेकांना खोटारडे म्हणू लागली. मंजुळाबाई पुरुषांच्या पक्षात एकट्याच बाई, पण सगळ्यांत वरच्या पट्टीत.

"इवाई," रंगराव शेवटी उकंडरावांना म्हणाले, "मले राग पोरीचा नाही. पण जी माय डोळ्यादेखत डाव्याचं उजवं करते, तिच्या घरी सोयरीक कशी करावी? साक्षगंध राहू द्या."

"हाव, खरं हाय," उकंडराव सवयीनं बोलून गेले, आणि मग त्यांना समजलं आपण काय बोललो.

सत्यभामाबाईंनी मनात मोजलं. तिसरं स्थळ. आणि या खेपेला भुतानं नाही, त्यांच्याच जिभेनं घालवलेलं. पण हार मानली तर त्या सत्यभामाबाई कसल्या!

"थांबा!" त्या कडाडल्या. "उद्या हाच खेळ पुन्हा पाह्यू. इहीनबाई बायात बसतीन, माह्या मांडीले मांडी लावून. चेटकीण डाव्या हाताची निघाली तं मी भर बाजारात तुमची माफी मांगतो. अन् उजव्या हाताची निघाली तं परवा साक्षगंध!"

रंगरावांना फुकटात तिसरा भाग दुसऱ्यांदा पाहायला मिळत होता. ते कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या. ज्यानं त्यानं आपापल्या आदल्या जागेवर बसून आपलंच खरं करायचा विडा उचललेला. मंजुळाबाई तेवढ्या पलीकडून अलीकडे आल्या आणि सत्यभामाबाईंना खेटून बसल्या.

सून आली. खिरीची वाटी उचलली.

"आग्गं बाई!" मंजुळाबाईंनी सत्यभामाबाईंच्या दंडात नखं रुतवली. "उजवा!"

"मंग? काय सांगत होतो मी?" सत्यभामाबाईंना आनंदाचं भरतं आलं. रंगरावांचं तोंड आत्ताच्या आत्ता बघावं असं त्यांना वाटलं. "बसा तुमी, आलोच." आणि बायांचे पाय तुडवत, कनातीच्या कडेनं त्या पडद्याच्या खांबाशी गेल्या आणि पुरुषांच्या बाजूला डोकावल्या.

समोर मोठ्ठी चेटकीण. तोंडात कोंबडी. आणि कोंबडी डाव्या हातात.

सत्यभामाबाईंनी डोळे चोळले. डोकं मागं घेतलं, बायांकडून उजवा. पुढं घातलं, डावा. मागं, उजवा. पुढं, डावा. चार-पाच वेळा असं झाल्यावर पुरुषांतून आरोळी आली, "ओ बाई, बसा ना खाली! काऊन झुलून राह्यल्या?"

पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना आठवली ती छापील लुगड्याची उलटी बाजू. सुलट्या अंगाला मोर उजवीकडे तोंड करून, तर उलट्या अंगाला डावीकडे. मोर एकच. फक्त आपण दोन दिवस लुगड्याच्या मागल्या अंगाला बसलो! देवमाणसं डावखुरी नव्हतीच. सिनेमानं माफीबिफी काही मागितली नव्हती. आणि भर बाजारात माफी मागायची पैज कोणी लावली? आपणच!

त्या जागेवर परत आल्या त्या पाय ओढत. हे विहीणबाईंना सांगावं कसं, की सांगूच नये, या विचारात त्यांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. पण मंजुळाबाईंना त्यांच्या तोंडाकडे बघायला वेळ कुठं होता? त्या पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हत्या.

"इहीनबाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मले समजलं. काल डावा होता. माह्या डोळ्यानं पाह्यला. आज उजवा. ती हात बदलते!"

"हात... बदलते?"

"हाव! पयल्या दोन भागात ओळखू तं येत होती. आता ओळखूच येत नाही! याच्याएवढा भयंकर सिनेमा मी जन्मात पाह्यला नाही!"

मंजुळाबाईंचं हे मत खेळ सुटायच्या आत सगळ्या बायांत पोचलं, आणि इंजिन बंद पडताच पुरुषांतही. ती हात बदलते! ज्यांना तिसरा भाग शिळा वाटला होता तेही घाबरून म्हणू लागले, की हाच सगळ्यांत उत्तम. तिकिटाच्या खिडकीशी गुलाबराव मान डोलवत उभे होते, आणि कोणी काही विचारलं की पुढच्या खेळाची वेळ सांगत होते.

सकाळी उकंडरावांच्या ओसरीवर मंडळी बसली. सत्यभामाबाई कोपऱ्यात, एक अक्षर न बोलता. बोलत होत्या त्या मंजुळाबाई.

"मी रातभर विचार केला. उजव्या हाताची सून आणून तरी काय भरवसा? उद्या तिनं हात बदलला मंग? ही पोरगी निदान जन्मापासून एकाच हाताची हाय. अन् हिच्या अंगात काही असतं तं माय लपवून ठेवती. या बाईनं तं भर मैदानात सांगतलं!"

सत्यभामाबाईंना जोराचा खोकला आला.

"मले पोरगी पसंत हाय," मंजुळाबाईंनी निकाल दिला. "कुंकू आणा."

"अवं, पण मी दोन्ही दिवस पाह्यलं!" रंगराव कळवळून म्हणाले. "काल डावा, परवाबी डावा! तिनं हातगित काही बदलला नाही!"

"तुमाले काय दिसते? कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधता!"

"शप्पथ मंजुळे, डावाच होता वं!" रंगराव एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. कोणी मान हलवीना. त्यांच्या बाजूला काल बसलेले पुरुषही आता जमिनीकडे बघत होते. अख्ख्या गावात खरं बोलणारा तो एकच माणूस, आणि त्याचं तोंड मार खाल्लेल्या पोरासारखं झालेलं.

कोकिळा पाटावर येऊन बसली. मंजुळाबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली, पेढा पुढं केला. कोकिळेनं एकदा आईकडे पाहिलं. आई काहीच बोलली नाही, तेव्हा पोरीनं तो डाव्या हातानं घेतला आणि मनापासून खाल्ला.

रंगराव अजून तोंडातल्या तोंडात "डावाच होता, डावाच" करत होते. सत्यभामाबाईंना ते बघवेना.

"राहू द्या इहीनबाई," त्या हळूच म्हणाल्या. "त्याहीचंबी खरं असन."

सत्यभामाबाई उभ्या जन्मात कोणा पुरुषाला असं म्हणाल्या नव्हत्या. उकंडरावांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. ते उठले, सगळ्या पाहुण्यांसमोरून चालत बायकोजवळ गेले, आणि ताप तर नाही ना, म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.