गंजासुराच्या पश्चात

पिंपळझरी नगरपंचायतीच्या हद्दीत खलनायक नेमण्याचा अधिकार कोणाला आहे, याबाबत कायद्यात स्पष्ट तरतूद नाही. त्यामुळे पल्लवी जगदाळे हिने तो स्वतःच नेमला.

पल्लवी शिरवळच्या एका कारखान्यात बिस्किटांच्या पुड्यांवरची चित्रं काढायची. कारखान्याने ते काम संगणकाला दिलं, तेव्हा ती गावी वडिलांकडे परतली आणि कराडच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर चित्रकथा काढू लागली. कथेतला काळ पुढच्या शतकाच्या तोंडावरचा. कृष्णाकाठावर गंजासुर नावाच्या जुलमी माणसाचं राज्य. तोंडावर गंजलेला लोखंडी मुखवटा. त्याच्या राज्यात ऊन वॉर्डानुसार सोडलं जाई, हसायला परवाना लागे आणि तक्रार करणाऱ्याच्या ओठांना कुलूप बसे. त्याच्याविरुद्ध लढणारा तेजवीर नावाचा देखणा नायकही होता. लोकांनी भविष्याची धास्ती घ्यावी, एवढाच पल्लवीचा हेतू होता.

पहिले वाचक तिचे वडील. नानासो जगदाळे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता ऊस बघत होते. त्यांनी अंक दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लय शिस्तीचा मानूस हाय."

"आबा, त्यो जुलमी हाय."

"जुलूम हाय, पन येळेवर हाय. रस्त्याला खड्डा पडला की ठेकेदाराला गळ्यापतूर त्याच खड्ड्यात उभा करतोय. आपल्याकडं हाय का आसं?"

शेजारच्या सुलाबाईंचा आक्षेप तेजवीरावर होता. "तुझा त्यो तेजवीर दर मारामारीत एक पूल पाडतोय. आन बांधायचा कुनी? माजी लेक नदीपल्याड दिलीया."

पल्लवीला वाटलं, घरचे आणि शेजारचे लोक कौतुकापोटी काहीही बोलतात. पण हेच मत बाजारात, एस.टी. स्टँडवर आणि दूध संघाच्या रांगेत ऐकू येऊ लागलं. मग ते नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर गेलं. ते हुशार गृहस्थ होते. कचरा वेगळा करा असं गावाला सांगून ते थकले होते. त्यांनी चौकात मोठा फलक लावला: 'ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. गंजासुर बघत आहे.'

आठवड्यात गावचा कचरा वेगळा झाला. काहींनी तर शेजाऱ्याचाही वेगळा करून दिला.

यानंतर प्रशासनाला लोकमताची नाडी सापडली. पाण्याची वेळ, बाजाराची जागा, मंडपाची उंची, सगळं गंजासुराच्या नावाने जाहीर होऊ लागलं. कोणी तक्रार घेऊन आला की लिपिक फलकाकडे बोट दाखवी. "वरून आदेश हाय." एरवी टेबलावर मूठ आपटणारे लोक समाधानाने घरी जात. पुढे त्याचा वाढदिवसही ठरला. 'भविष्यकाळाचे विद्यमान शासक' यांना शुभेच्छा देणारे फलक वेशीपासून झळकले. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यातल्या काहींनी ओठांवर हौसेने कुलूप रंगवून घेतलं होतं.

ते कुलूप पल्लवीने पाहिलं. त्याच आठवड्यात तिने गंजासुराला मारलं. कराडच्या प्रीतिसंगमावर तेजवीराने त्याला पाण्यात लोटलं आणि कोयनेच्या धारेत तो मुखवट्यासकट विरघळून गेला. कुलपं गळून पडली. लोक उन्हात नाचले. हे चित्र तिने फार मन लावून काढलं होतं.

अंक आला आणि दुकानं पटापट बंद झाली. सायंकाळी चौकात शोकसभा झाली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कचरा पुन्हा एक झाला. सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, एवढा मानूस मारायचा, तर गल्लीला इचारायचं तरी."

मुख्याधिकाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, सक्षम प्राधिकारी मयत झाल्याने कारभार ठप्प आहे."

"साहेब, तो चित्रातला माणूस होता."

"म्हणून तर त्यांची बदली होत नव्हती."

"आणि त्याच्या तावडीतून जे लोक सुटले, त्यांचं काय?"

"त्यांचं पुनर्वसन आमच्या अखत्यारीत येत नाही," मुख्याधिकारी खेदाने म्हणाले. "आपण त्यांना पुन्हा पूर्वपदावर आणावं, अशी विनंती आहे."

या सगळ्याला ती पुरून उरली असती. पण घरी आबांनी बोलणं सोडलं होतं. ताट घेऊन ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. शेवटी पल्लवी त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"आबा, त्या चित्रातल्या मानसासाठी माझ्यासंगं अबोला?"

नानासोंनी घास खाली ठेवला. "फौजेत हयात गेली. उठ म्हनलं की उठलो, चल म्हनलं की चाललो. घरी आलो आन रोज सकाळी अंथरुनात बसून इचार करतोय, आता काय करायचं? कुनी सांगंना. ह्यो गडी सांगत हुता."

"तेजवीर हाय की आता."

"त्यो काय म्हनतोय? तुमचं तुमी ठरवा. ह्या वयात आता मी काय ठरवू?"

पल्लवीला राग आला नाही, हेच तिला जास्त लागलं. तिने वडिलांच्या ताटात भाकरी वाढली आणि आत जाऊन पेन्सिलीला टोक काढलं.

गंजासुर परत आला. मात्र तिने मनाशी एक ठरवलं होतं. आजवर चित्रातली रयत बिनचेहऱ्याची होती. या वेळी तिने घाटापासून बाजारपेठेपर्यंत एक लांब साखळी काढली आणि तिच्यात गावातली खरी माणसं जखडली. सुलाबाई वाकलेल्या, लिपिक रांगत चाललेला, मुख्याधिकारी जोडे डोक्यावर घेतलेले. आणि नानासो. त्यांचा चेहरा तिने सगळ्यांत शेवटी काढला. आपल्याच पायातली बेडी पाहिल्यावर तरी लोक चिडतील, अशी तिची खात्री होती.

लोक चिडले. अंक आला त्या सकाळी अंगणात माणूस मावेना. पल्लवी दार उघडून बाहेर आली. तिला आतून बरं वाटत होतं.

"माज्या म्होरं ती पल्याडच्या आळीची बाई कशी?" सुलाबाईंनी तोंड फोडलं. "ती काल गावात आली. मी कवाधरनं ऱ्हाते हितं."

"आमच्या वार्डातला एकबी मानूस साखळीत न्हाई," मागून कोणी म्हणालं. "हा अन्याव हाय."

मुख्याधिकाऱ्यांनी शिपायाकरवी कळवलं होतं की, साखळीतील क्रम राजशिष्टाचारानुसार असावा.

गर्दी पांगल्यावर नानासो अंक घेऊन पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी ते लेकीशी आपणहून बोलले. "झ्याक काढलंयस. फकस्त माजी बेडी जरा ढिली दिसती. लोक म्हनतील, सुभेदाराला सवलत दिली."

पल्लवीने अंक त्यांच्या हातातून घेतला. मग तिने पेन्सिल घेतली आणि बेडी आवळली.

साखळी आता पिंपळझरीत मावत नाही. ती कराडवरून पुढे निघाली असून तासगावकडच्या अंगाला काही चेहरे अद्याप कोरे आहेत. इच्छुक वाचकांनी समोरून काढलेला फोटो पाठवावा. ओळखीचा कोणी आधीच साखळीत असल्यास त्याचं नाव कळवावं, म्हणजे शेजारी बसवता येईल.