भुजंगमामांची वासाची फरशी

भुजंगमामांच्या पॅसेजमध्ये माझ्या हातून चहा सांडला आणि तो मी फिनेलनं पुसला. हात लागलाच आहे तर म्हणून अख्खा पॅसेज पुसला. घर सोडायची पाळी मात्र मामामामींवर आली.

मामा आमचे सिडकोतले शेजारी, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त. सकाळी डोळ्यांना पंचा बांधून स्वतःच्याच घरात अनवाणी फिरणारा, हवा हुंगत भिंतीवर आदळणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये हा एकच. वर कपाळ चोळत सांगणार, "आज न्हाणीपाशी आदळलो. नीलगिरी कमी पडली."

त्याचं असं झालं, काचबिंदूनं मामींची नजर गेली. पुण्याचा मुलगा म्हणाला, आता दोघांनी इथं राहणं बास, चला माझ्याकडं. मामी म्हणाल्या, "अन् सुनंचा हात धरून मोरीत जाऊ? नाय जमायचं."

आणि मामा भुसा गोळा करायला लागले.

स्कूटरवर पोतं टाकून सुतारांच्या दारात हजर. भुशात सरस कालवायचा, वासाचं तेल घालायचं आणि ट्रकच्या जुन्या जॅकखाली दाबून फरशी पाडायची. स्वयंपाकघराला गवती चहा, पॅसेजला वाळा, न्हाणीच्या उंबऱ्याला नीलगिरी; कुठं आलो ते मामींना नाकानंच कळावं. तेलासाठी गुलमंडीतल्या अत्तरवाल्यांकडं चकरा. पहिला घाणा पुरीसारखा टम्म फुगला. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "वाळवी लागेल." मामा म्हणाले, "लागू द्या. खुशबूत मरंल." कुणीही शंका काढली की उत्तर ठरलेलं, "आधी वास घे, मग बोल."

मी वास घेतला नाही. फिनेल घेतलं.

मामी स्वयंपाकघरातून निघाल्या त्या पॅसेजच्या तोंडाशीच थबकल्या. एरवी भिंतीला बोट न लावता जाणारी बाई दोन्ही हात पुढं करून उभी. "अहो," म्हणाल्या, "घर कुठं गेलं?"

मामांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 'कसं जमतंय ते बघतो' म्हणून मुलगा रविवारी यायचा होता. मामांनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला. मी गुडघ्यांवर बसून वरचा थर घासायचा आणि मागून मामा वाळ्याचं तेल जिरवायचे. मधेच नाक जमिनीला टेकवायचे. एकदा बराच वेळ वर आलेच नाहीत.

"मामा, पाठ धरली का?"

"नाय रे. मला येतोय वास. पण हिला आला पायजे ना."

रविवारी मुलगा आला, सोबत एक मोठी मोकळी बॅग. मामी आतून चहाचा ट्रे घेऊन निघाल्या. मामा जागचे हलले नाहीत. सोफ्याची कड तेवढी घट्ट धरून बसले. पॅसेजच्या तोंडाशी मामी थांबल्या. लांब श्वास घेतला. आणि चालू लागल्या. कप वाजला नाही. मुलगा ट्रे धरायला उठला तशा म्हणाल्या, "बस खाली. पाहुणा हायस तू."

मुलगा बसला. बॅग त्यानं पायानंच सोफ्याखाली सरकवली. मामांनी खांद्यावरचा पंचा ओढून उगाचच तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले.

मामींनी ट्रे ठेवला, माझ्या दिशेनं नाक वळवलं आणि म्हणाल्या, "ह्याला दाराबाहेर बसवा आधी. अजून फिनेलचा वास मारतोय."