सायमनकाकांचं एम्ब्लेपो

सायमनकाका बघायला लागले की समोरचा माणूस आपल्या शर्टाची बटणं तपासतो. ते मनीषनगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. बायबलचा अभ्यास करणाऱ्यांना जन्मभर ग्रीक शिकवून रिटायर झाले, पण त्यांचं एक क्रियापद काही रिटायर झालं नाही. एम्ब्लेपो.

"ब्लेपो म्हणजे नुसतं पाहणं गा," ते लिफ्टमध्ये सांगतात. "तसं तर म्हैसही पाहते. एम्ब्लेपो म्हणजे नजर आत घालून पाहणं." तेवढ्यात आपला मजला निघून गेलेला असतो.

एकदा ते भाजीवाल्या बाईंकडे असेच टक लावून उभे राहिले. त्या भडकल्या. "काय पाहून राहिले जी? वांगे पाहा!"

"बाई, तुमची दाढ दुखून राहिली का?"

बाईंचा हात गालावर गेला. दाढ खरंच दुखत होती. काकांना मात्र किडकी वांगी मिळाली. वांग्यांकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

या क्रियापदाचा बायबलातला त्यांचा लाडका प्रसंग एकच. येशूकडे एक श्रीमंत तरुण येतो. "येशूनं त्याले नीट पाहिलं, अन् लगेच पुढं लिहिलं हाये, त्याच्यावर माया केली. आधी पाहिलं, मंग माया!"

मी हे हसण्यावारी न्यायचो. मग माझी नोकरी गेली. घरी सांगायचा धीर होईना. बायकोनं भरलेला डबा घेऊन रोज वेळेवर निघायचो आणि अंबाझरीच्या बागेत बसायचो. कोणाला पत्ता लागला नाही.

एका सकाळी लिफ्टमध्ये काका माझ्याकडे बघत राहिले. मी मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. खाली आल्यावर ते हळूच म्हणाले, "दिवसभर कुठं बसून राहिला गा?"

"बागेत," एवढंच म्हणालो. ते सरळ माझ्या स्कूटरवर मागे बसले.

बागेतल्या बाकावर मी भडाभडा बोललो. लाज, भीती, सगळं. दुपारी डबा उघडून अर्धी पोळी त्यांच्यापुढे केली. ती त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"तुही काकू गेली तवापासून मी ओट्यापाशी उभ्यानंच जेवतो गा," ते म्हणाले. "समोर कोनी नाही, तं बसावं काहून?"

संध्याकाळी मी बायकोला दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझीही आणि काकांचीही. ती रागावली, रडली. मग डोळे पुसून पानं मांडायला लागली. दोनाची तीन मांडली.

"जा जी," ती म्हणाली, "काकांले बोलावून आणा."